हापूस आंब्याचे सुधारित पॅकिंग : माल टिकावा, जंगल राहावे, कचरा घटावा

आंबा बागायतदार वर्षभर कलमांची निगा राखतो. खते, फवारण्या, मोहोराचे संरक्षण, राखण या सर्वांवर खर्च करतो. परंतु तयार झालेले फळ झाडावरून उतरून गिऱ्हाईकाच्या हाती पडेपर्यंतच्या आठ-दहा दिवसांकडे त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. या काळात फळाला सांभाळणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे पेटी. पेटी चुकीची असेल तर वर्षभराची मेहनत वाशीच्या बाजारात डागी माल म्हणून विकली जाते.

पेटीकडे पाहण्याची आणखी एक बाजू आहे. पेटीचे आयुष्य काही दिवसांचे असते. आंबा खाऊन झाला की पेटी, पेंढा, कागद, फोमची जाळी हे सर्व कचऱ्यात जाते. हे साहित्य कोठून आले आणि पुढे कोठे जाणार, हा प्रश्न आता बागायतदारालाही टाळता येणार नाही. कायदे बदलत आहेत, परदेशी ग्राहक विचारणा करू लागले आहेत आणि आपल्या भोवतालचे जंगलही मर्यादित आहे. म्हणून पेटीची नव्याने आखणी कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरण हापूसचे घेतले असले तरी यातील तत्त्वे काजूबोंडे, चिकू, डाळिंब, द्राक्षे अशा इतर फळांनाही लागू पडतात.

पेटीची कामे

पेटीने पुढील पाच कामे केली पाहिजेत.

१) वरच्या पेट्यांचे ओझे स्वतः पेलणे, ते फळावर येऊ न देणे.
२) वाहतुकीतील हादऱ्यांपासून फळाचे संरक्षण करणे.
३) फळाची उष्णता व ओलावा बाहेर जाऊ देणे.
४) मालाची संख्या, प्रत व उगम यांची खरी माहिती देणे.
५) काम संपल्यावर पुन्हा वापरता येणे किंवा सहज पुनर्निर्मितीसाठी जाणे.

यांपैकी तिसरे काम विशेष महत्त्वाचे आहे. झाडावरून उतरवलेला आंबा जिवंत असतो. तो श्वसन करतो आणि पिकताना श्वसनाचा वेग वाढतो. त्यामुळे पेटीत उष्णता व बाष्प साठते. ते बाहेर पडले नाही तर फळे एकसारखी पिकत नाहीत आणि करपा व देठकुजीच्या बुरशीला अनुकूल वातावरण मिळते. पेटी म्हणजे केवळ डबा नव्हे, तर फळाने श्वास घेण्याची जागा आहे, हे ध्यानात ठेवावे.

लाकडी पेटीचे गुणदोष

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या आंबा लाकडी पेटीतून गेला. रायवळ आंबा, सावर यांसारख्या मऊ लाकडाच्या पातळ फळ्या, खिळे आणि आत भाताचा पेंढा अशी ही पेटी असते. तिचे गुण मान्य केले पाहिजेत. ती ओलाव्याने मऊ पडत नाही. थरावर थर रचले तरी खचत नाही. फळ्यांच्या फटींतून हवा खेळते. साहित्य जवळपास मिळते आणि गावातील कामगारांना काम मिळते.

परंतु तिचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. फळ्यांच्या कडा व खिळ्यांची टोके फळाला लागतात. पेटीत चार ते आठ डझनांपर्यंत फळे थरांवर थर भरली जातात, त्यामुळे तळाच्या फळांवर वरच्या फळांचे वजन येते. झाकण ठोकताना बसणारे हादरे वेगळेच. रिकामी लाकडी पेटी एकदा काट्यावर ठेवून पाहावी, म्हणजे आपण आंब्याबरोबर किती लाकडाचे भाडे भरतो याची कल्पना येईल. सर्वांत मोठा दोष म्हणजे दर हंगामासाठी नव्याने झाडे तोडावी लागतात. जे झाड वाढायला अनेक वर्षे लागली, त्याची फळी आठवडाभर वापरून टाकून दिली जाते. रायवळ आंब्याची जुनी झाडे अशा रीतीने गेली की त्यांबरोबर कलमांसाठी लागणाऱ्या बाठ्यांचा आणि स्थानिक वाणांचा ठेवाही जातो.

निर्यातीसाठी लाकडावर आणखी एक बंधन आहे. लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरवण्यात आले. त्यानुसार लाकडी पॅकिंग किंवा पॅलेटच्या लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे द्यावे लागते, किंवा मान्य धुरी द्यावी लागते आणि तशी खूण उमटवावी लागते. साध्या लाकडी पेटीला ही अट पाळता येत नाही.

हिमाचल प्रदेशचा अनुभव

लाकडी पेटीकडून पुठ्ठ्याच्या खोक्याकडे जाण्याचा अनुभव आपल्याआधी हिमाचल प्रदेशातील सफरचंद बागायतदारांनी घेतला आहे. तेथे सफरचंदाच्या पेट्यांसाठी रई व तोस या सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड मोठ्या प्रमाणावर वापरले जात असे. बागा वाढल्या तशी पेट्यांची गरज वाढली आणि ज्या जंगलामुळे डोंगरावरची माती व पाणी टिकत होते, त्यावरच ताण आला. १९८०च्या दशकात तेथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा प्रसार करण्यात आला आणि पुढे सफरचंदाचा व्यापार बहुतांशी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून होऊ लागला. जंगलाच्या दृष्टीने हा बदल हिताचा ठरला.

मात्र गोष्ट एवढ्यावर संपली नाही. तेथे रूढ झालेला खोका दोन भागांचा, एकमेकांत सरकणारा असा होता. वरचा भाग उचलला की खोका उंच होतो. त्याचा फायदा घेऊन बाजाराच्या मागणीनुसार जादा थर भरले जाऊ लागले. ठरलेल्या वजनाऐवजी एका खोक्यात ३० किलोपर्यंत व त्याहूनही जास्त माल जाऊ लागला. भाव मात्र खोक्यावर ठरत असे. बागायतदाराचे नुकसान झाले आणि फळेही दबली. या तक्रारी वर्षानुवर्षे चालू होत्या. अखेर २०२४च्या हंगामापासून हिमाचल शासनाने एकसंध, न वाढणारा ‘युनिव्हर्सल’ खोका सक्तीचा केला.

यातून आपण घेण्याचा धडा असा की, केवळ लाकडाऐवजी पुठ्ठा आणला म्हणजे काम झाले असे नाही. खोक्याचे माप, त्यात मावणारी फळे आणि भाव ठरवण्याची पद्धत यांचा एकत्र विचार करावा लागतो. कोकणातही ‘पेटी’ म्हणजे नक्की किती डझन, हे पेटीगणिक बदलते. ठरावीक संख्येचा, न ताणता येणारा खोका हा बागायतदाराच्या हिताचा आहे.

पुठ्ठ्याचा खोका कसा बनतो

पुठ्ठ्याच्या खोक्याला बाजारात कोरुगेटेड बॉक्स म्हणतात. दोन सपाट कागदांमध्ये लाटांप्रमाणे दुमडलेला कागद स्टार्चच्या खळीने चिकटवला की तीन पदरी पुठ्ठा होतो. अशा दोन लाटा व तीन सपाट कागद मिळून पाच पदरी पुठ्ठा होतो. ही खळ बहुधा मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चची असते. आपल्याकडील तपकिरी क्राफ्ट कागद बराचसा रद्दीपासून, तर काही प्रमाणात उसाचे चिपाड व गव्हाचे काड यांपासून बनतो. म्हणजे या खोक्याचा बराच भाग मुळात शेतातलाच असतो आणि वापरानंतर तो पुन्हा कागद कारखान्यात जाऊ शकतो.

पुठ्ठ्याची ताकद लाटांत असते. लाटा उभ्या असल्या तर त्या खांबांप्रमाणे ओझे पेलतात. आडव्या असल्या तर खोका लगेच चेपतो. खोके विकत घेताना कडेला पाहून लाटा उभ्या आहेत याची खात्री करावी. ओझ्याचा मोठा भाग चार कोपरे उचलतात. म्हणून थर रचताना कोपऱ्यावर कोपरा बरोबर येईल असे रचावे. विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडून रचले तर थप्पी पक्की वाटते, पण खालच्या खोक्याचे कोपरे वाया जातात आणि तो लवकर खचतो.

पुठ्ठ्याचा खरा शत्रू म्हणजे ओलावा. कागद हवेतील बाष्प शोषतो. दमट हवेत पुठ्ठ्याची ओझे पेलण्याची शक्ती निम्म्याच्या आसपास येऊ शकते. कोकणात एप्रिल-मे महिन्यांतील हवा दमट असते, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. घाटावरच्या कोरड्या हवेत उत्तम ठरलेला खोका रत्नागिरी-देवगडला तसाच टिकेल असे गृहीत धरू नये.

यासाठी पुढील काळजी घ्यावी.

- खोके जमिनीवर किंवा भिंतीला लागून ठेवू नयेत. फळ्यांवर किंवा पॅलेटवर ठेवावेत.
- सपाट खोके हंगामाच्या फार आधी आणून उघड्यावर ठेवू नयेत.
- धुतलेली किंवा दवाने ओली फळे पूर्ण सुकल्याशिवाय भरू नयेत.
- थंड खोलीतून काढलेल्या मालावर बाहेरच्या दमट हवेने पाणी सुटते. त्या वेळी खोके एकदम उघड्यावर आणू नयेत.
- रात्रीच्या वाहतुकीत वरचा थर ताडपत्रीने झाकावा, पण कडांनी हवा जाऊ द्यावी.

खोका किती मजबूत असावा?

याचा हिशेब कोणालाही करता येतो. समजा भरलेल्या एक डझनी खोक्याचे वजन ३.५ किलो आहे आणि आपण आठ खोके एकावर एक रचणार आहोत. सर्वांत खालच्या खोक्यावर वरच्या सात खोक्यांचे म्हणजे २४.५ किलो ओझे येते. परंतु प्रवासातील हादरे, दमटपणा आणि ओझे अनेक तास तसेच राहणे यांमुळे खोक्याची शक्ती घटते. म्हणून प्रयोगशाळेत मोजलेली शक्ती प्रत्यक्ष ओझ्याच्या सुमारे चौपट असावी. या हिशेबाने आपल्याला सुमारे १०० किलो ओझे पेलणारा खोका लागेल.

खोके बनवणाऱ्याला ‘चांगला खोका द्या’ असे न सांगता हा आकडा सांगावा. नुसते ‘पाच पदरी’ म्हणणेही पुरेसे नाही. हलक्या कागदाचा पाच पदरी खोका, चांगल्या कागदाच्या तीन पदरी खोक्यापेक्षा कमजोर असू शकतो. खोक्याची ओझे पेलण्याची शक्ती, फुटण्याचा दाब आणि पाणी शोषण्याचे प्रमाण या तीन चाचण्यांचे निकाल मागावेत. मुंबईच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेसारख्या ठिकाणी अशा चाचण्या होतात. एका बागायतदाराला हे अवघड वाटेल, पण संस्थेमार्फत किंवा गटाने एकदा चाचणी करून घेतली की सर्वांना तिचा उपयोग होतो.

गरजेपेक्षा जास्त जाड खोका घेणे हाही तोटाच आहे. जवळच्या शहरात थेट ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या व चारपेक्षा जास्त थर न होणाऱ्या मालाला तीन पदरी खोका पुरतो का, हे पाहावे. लांबच्या प्रवासासाठी पाच पदरी ठेवावा. जेथे जेवढी गरज, तेथे तेवढाच कागद, ही खरी काटकसर होय.

आखणी फळापासून सुरू करावी

पुष्कळदा खोका आधी येतो आणि फळे त्यात कशीबशी बसवली जातात. हा क्रम उलटा करावा. प्रथम आपल्या बागेतील फळांची वजने व मापे घ्यावीत. ॲगमार्क प्रतवारीत आंब्याचे २०० ते ३५० ग्रॅम, ३५१ ते ५५० ग्रॅम आणि ५५१ ते ८०० ग्रॅम असे गट आहेत. पहिल्या गटाच्या एका खोक्यातील फळांच्या वजनात ७५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा. बहुतेक हापूस याच गटात येतो. सारख्या आकाराची फळे असली की ती हलत नाहीत, भराव कमी लागतो आणि खोक्यात रिकामी जागा राहत नाही. प्रतवारी ही पॅकिंगचीच पहिली पायरी आहे.

खोक्याचे बाहेरचे माप वाहतुकीशी जुळणारे असावे. निर्यातीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या १२० सेंमी × १०० सेंमीच्या पॅलेटवर ४० सेंमी × ३० सेंमीचे दहा खोके एका थरात मोकळी जागा न राहता बसतात. या मापाच्या पाच पदरी खोक्याची आतील जागा सुमारे ३८.५ सेंमी × २८.५ सेंमी राहते. त्यात चार × तीन अशी बारा फळे एका थरात मांडली तर प्रत्येक फळाच्या वाट्याला सुमारे ९.५ सेंमी × ९.५ सेंमी जागा येते. २५० ते ३०० ग्रॅमचे फळ भरावासह त्यात बसते. एकच थर असल्यामुळे फळावर फळाचे वजन येत नाही आणि गिऱ्हाईकाला झाकण उघडताच संपूर्ण माल दिसतो. वर चांगला व खाली हलका माल अशी शंका घेण्यास जागा राहत नाही.

हवेसाठी भोके ठेवताना तोल साधावा लागतो. भोके कमी असली तर उष्णता अडकते. जास्त असली तर खोका कमजोर होतो. बाजूच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ५ टक्के भोके हे प्रमाण साधारणपणे योग्य ठरते. ४० सेंमी × ११ सेंमीच्या लांब बाजूचे क्षेत्रफळ ४४० चौ. सेंमी होते. त्याच्या ५ टक्के म्हणजे २२ चौ. सेंमी. यासाठी २ सेंमी × ५.५ सेंमीच्या दोन उभ्या खाचा पुरतात. खाचा उभ्या व लांबट असाव्यात, कोपऱ्यांपासून किमान ५ सेंमी दूर असाव्यात आणि शेजारच्या खोक्याच्या खाचांशी जुळाव्यात. शेजारच्या खोक्याने बंद झालेल्या भोकाचा काही उपयोग नाही.

भरावाचे साहित्य

भाताचा पेंढा स्वस्त आहे, शेतातला आहे आणि मातीत मिसळतो. घरच्या अढीसाठी तो उत्तमच. परंतु दमट पेंढ्यात बुरशी वाढते, त्याबरोबर धूळ व किडी जातात, आणि निर्यातीत तो चालत नाही. स्थानिक विक्रीसाठी वापरायचा असेल तर चालू हंगामाचा, कडक उन्हात वाळवलेला, झटकून स्वच्छ केलेला पेंढाच घ्यावा.

फोमची जाळी फळाला घासण्यापासून चांगले वाचवते. परंतु ती प्लॅस्टिकची असते आणि इतकी हलकी असते की ती गोळा करणे भंगारवाल्याला परवडत नाही. परिणामी ती गटारात, ओढ्यात जाते. एकाच थराच्या, घट्ट बसणाऱ्या खोक्यात प्रत्येक फळाला जाळी लागतेच असे नाही. लगद्यापासून साच्यात बनवलेले ट्रे, कागदाचा कीस किंवा पुठ्ठ्याचे घरे पाडणारे पडदे यांनी बरेच काम भागते, आणि हे सर्व खोक्याबरोबरच रद्दीत जाते.

भराव म्हणून वर्तमानपत्र वापरू नये. त्याच्या शाईतील द्रव्ये अन्नाला लागू नयेत म्हणून अन्नसुरक्षा व मानके (पॅकेजिंग) नियम, २०१८ प्रमाणे खाद्यपदार्थ गुंडाळण्यास वर्तमानपत्राचा वापर मना आहे. कोरा कागद घ्यावा. तसेच पेटीत कार्बाइडची पुडी ठेवणे कायद्याने बंद आहे व आरोग्यास घातक आहे. माल पिकवण्याची घाई पेटीत करू नये. त्यासाठी इथिलीनची सोय असलेली पिकवण खोली आहे.

बागेपासून पॅकिंगपर्यंत : क्रेटचा वापर

खोका हा शेवटच्या टप्प्यासाठी असतो. झाडाखालून शेडपर्यंत आणि कॅनिंगच्या मालासाठी पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्लॅस्टिक क्रेट सोयीचा पडतो. प्लॅस्टिक म्हटले की ते वाईटच, असे सरसकट म्हणता येत नाही. एकदा वापरून फेकलेली फोमची जाळी आणि काही वर्षे चालणारा क्रेट यांत मोठा फरक आहे.

समजा एका क्रेटची किंमत ३०० रुपये आहे व तो ६० फेऱ्या टिकतो. दर फेरीचा खर्च ५ रुपये आणि २० किलो मालावर किलोमागे २५ पैसे पडतो. पण तोच क्रेट बाजारात गेला आणि परत आलाच नाही, तर सर्व ३०० रुपये एका फेरीत गेले. म्हणून क्रेट परत येण्याची व्यवस्था असेल तेथेच ते वापरावेत. क्रेटवर क्रमांक घालावा, अनामत घ्यावी व हिशेबाची वही ठेवावी.

क्रेटचा दुसरा धोका म्हणजे रोगाचा प्रसार. प्रत्येक फेरीनंतर क्रेट घासून धुवावेत व दर लिटर पाण्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट ४ मिली या प्रमाणात केलेल्या द्रावणात बुडवून उन्हात सुकवावेत. आतील धारदार कडा काढाव्यात व तळाला कागद अंथरावा.

चांगला खोका खराब फळ सुधारत नाही

खोका बदलूनही नुकसान घटले नाही, तर दोष बहुधा काढणीत सापडतो. हापूस चौदा आणे तयार झाल्यावर, म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्वतेला, सकाळच्या वेळी उतरवावा. कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्यासारख्या साधनाने फळ देठासह निघते व खाली पडत नाही. देठ मोडला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि तेथून बुरशीचा शिरकाव होतो. उतरवलेली फळे उन्हात न ठेवता लगेच सावलीत आणावीत व त्यांतील उष्णता कमी होऊ द्यावी. तापलेली फळे खोक्यात बंद करणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला घोंगडीत गुंडाळण्यासारखे आहे. शीतगृहाची सोय असल्यास कच्च्या हापूसला १२ ते १३ अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याखाली फळाला थंडीची इजा होते.

खोक्याचा शेवट

खोका रद्दीत गेला म्हणजे तो वाया गेला नाही, पण यासाठी तो स्वच्छ व एकाच साहित्याचा असला पाहिजे. पुढील गोष्टी आखणीच्या वेळीच टाळाव्यात.

१) संपूर्ण खोक्यावर प्लॅस्टिकचा चकचकीत थर. तो आला की कागद वेगळा करणे कठीण होते.
२) मेणाचा लेप. असा पुठ्ठा कागद कारखान्यात चालत नाही.
३) तारेच्या पिना. त्या गंजतात व फळाला लागतात. कापून दुमडून अडकणारे कान असलेला खोका पिनेशिवाय उभा राहतो.
४) सर्व बाजूंनी लावलेली प्लॅस्टिकची चिकटपट्टी. कागदी पट्टी वापरावी.
५) गडद रंगांची भरगच्च छपाई. एक-दोन रंगांत नाव, संख्या, वजन, प्रत व काढणीची तारीख स्पष्ट छापावी.

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकण्याच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तू बंद झाल्या. नियमांची दिशा स्पष्ट आहे. नवीन खोका तयार करतानाच ती लक्षात घेतली तर दोन वर्षांनी पुन्हा साचा बदलण्याचा खर्च वाचेल.

जुना खोका पुन्हा भरावा का, असा प्रश्न काही जण विचारतात. घरगुती कामासाठी हरकत नाही, पण बाजारासाठी भरू नये. त्याची शक्ती कमी झालेली असते आणि त्यात बुरशीचे बीजाणू असू शकतात. शिवाय आपल्या नावाचा रिकामा खोका दुसऱ्याच्या हाती पडला तर त्यात दुसरीकडचा आंबा ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ म्हणून भरला जातो. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची किंमत राखणे आपल्याच हाती आहे. यासाठी ‘उघडल्यावर खोका फाडून रद्दीत द्यावा’ अशी सूचना छापावी आणि झाकण एकदा उघडल्यावर फाटेल अशी पट्टी ठेवावी. येथे फाडणे हेच पर्यावरणाच्या व व्यापाराच्या दोन्ही दृष्टींनी योग्य आहे.

निर्यातीसाठी विशेष बाबी

अमेरिकेला २००७ सालापासून भारतीय आंबा पुन्हा जाऊ लागला. त्यासाठी फळांवर किमान ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया करावी लागते. लासलगाव व वाशी येथे ही सोय आहे. प्रक्रियेनंतर खोक्यात कीड शिरू नये म्हणून हवेच्या भोकांना बारीक जाळी असावी लागते. येथे भोकांचे माप ठरवताना जाळीमुळे हवा कमी जाते हे धरून चालावे.

युरोपीय संघाने पॅकिंग व त्याच्या कचऱ्यासंबंधी नवा कायदा केला असून तो फेब्रुवारी २०२५ मध्ये अंमलात आला. त्यानुसार १ जानेवारी २०३० पासून दीड किलोपेक्षा कमी ताज्या फळे-भाज्यांसाठी एकदाच वापरायचे प्लॅस्टिक पॅकिंग, काही अपवाद सोडून, बंद करण्याचे ठरले आहे. हापूसच्या डझनी खोक्याला याचा थेट फटका नाही. परंतु नाशिकहून प्लॅस्टिकच्या पनेटमधून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या बाबतीत उत्पादकांनी आतापासूनच निर्यातदाराशी बोलून कागदी किंवा लगद्याच्या पर्यायांची चाचणी घ्यावी. फळातील ओलावा राखणे ही त्यातील मुख्य अडचण आहे व ती एका हंगामात सुटणारी नाही.

खर्चाचा हिशेब कसा करावा

खोक्याची किंमत पाहून निर्णय घेऊ नये. चांगल्या पोहोचलेल्या फळामागे किती खर्च आला हे पाहावे. उदाहरणादाखल समजा, सध्याच्या पॅकिंगचा डझनी खर्च ४० रुपये व सुधारित पॅकिंगचा ५२ रुपये आहे. आंब्याचा दर डझनाला ६०० रुपये आहे.

१०० डझनांवर जादा खर्च : १२०० रुपये.
सध्या शंभरात ८ फळे खराब : १२०० फळांत ९६.
सुधारित पॅकिंगमध्ये शंभरात ४ खराब : १२०० फळांत ४८.
वाचलेली फळे : ४८, म्हणजे ४ डझन, किंमत २४०० रुपये.
निव्वळ फायदा : १२०० रुपये.

जादा खर्च वसूल होण्यासाठी शंभरात किती फळे वाचली पाहिजेत, याचे सूत्र सोपे आहे. डझनामागचा जादा खर्च भागिले डझनाचा दर, गुणिले शंभर. वरील उदाहरणात हे उत्तर २ येते. शंभरात एकच फळ वाचले तर हा खोका परवडणार नाही. आपल्या भागातील किमती घालून हा हिशेब करावा. वाचलेल्या प्रत्येक फळाबरोबर त्यासाठी खर्ची पडलेले पाणी, खत, मजुरी आणि डिझेलही वाचते. पॅकिंगमधील सर्वांत मोठा कचरा म्हणजे पुठ्ठा नव्हे, तर खोक्यात सडलेला आंबा होय.

आधी लहान चाचणी घ्यावी

सर्व माल एकदम नव्या खोक्यात घालू नये. एकाच दिवशी, एकाच बागेतून उतरवलेली, एकाच प्रतीची फळे घ्यावीत. दहा खोकी जुन्या पद्धतीने व दहा नव्या पद्धतीने भरावीत. त्यांवर क्रमांक घालून एकाच गाडीतून एकाच ठिकाणी पाठवावीत. काही खोकी थप्पीच्या तळाला व काही वर ठेवावीत. पोहोचल्यावर आणि पिकल्यावर अशी दोन वेळा दबलेली, डागी, सडलेली व चांगली फळे मोजून नोंद करावी. खोक्याचे कोपरे बसले का, तेही पाहावे. अशी चाचणी हंगामाच्या सुरुवातीस व मेअखेर, दमटपणा वाढल्यावर, अशी दोनदा घ्यावी.

एकट्या बागायतदाराला चांगला खोका थोड्या संख्येत स्वस्त मिळत नाही आणि बाजारातील मापही एकट्याने बदलता येत नाही. गावातील आठ-दहा बागायतदारांनी, सहकारी संस्थेने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एकच माप ठरवून, शक्तीचा आकडा देऊन हंगामाआधी एकत्र मागणी नोंदवावी. म्हणजे भावही उतरतो आणि ‘एक खोका म्हणजे बारा फळे’ हे बाजारात रुजते.

थोडक्यात

१) प्रथम प्रतवारी, नंतर खोक्याचे माप.
२) एक थर, ठरावीक संख्या, न ताणणारा खोका.
३) ओझ्याच्या चौपट शक्ती; उभ्या लाटा; कोपऱ्यावर कोपरा.
४) बाजूंना सुमारे ५ टक्के उभ्या खाचा.
५) भराव कागदाचा किंवा लगद्याचा, वर्तमानपत्र व कार्बाइड नको.
६) पिना, मेण व प्लॅस्टिकचा थर टाळावा.
७) क्रेट परत येत असेल तरच वापरावा व धुऊन वापरावा.
८) खर्च खोक्यामागे नव्हे, चांगल्या फळामागे मोजावा.

येत्या हंगामासाठी खोक्यांची मागणी नोंदवण्यापूर्वी बागायतदार बंधू-भगिनींनी आपल्या मागील हंगामातील डागी फळांची नोंद काढून पाहावी आणि वरील सूत्राने हिशेब करावा. आपल्याला कोणता खोका परवडेल, याचे उत्तर त्या नोंदीतच मिळेल.